काटा हलला नाही तरी: चाळिशीनंतरच्या व्यायामाचा आढावा

रहाटणीत पहाटे साडेपाचला शिवार चौकात किंवा काळेवाडी फाट्यावर उभं राहिलं की चाळिशी-पन्नाशीतली दोन प्रकारची माणसं दिसतात. काही जण गळ्यात ओळखपत्र, पायात सेफ्टी शूज, खांद्याला डब्याची पिशवी अशा तयारीने फर्स्ट शिफ्टच्या बसची वाट बघत असतात. काही जण नवेकोरे बूट घालून, हात जोरजोरात हलवत चालत असतात. बसवाल्यांना वाटतं, या लोकांना बरा वेळ मिळतो. आणि चालणाऱ्यांतले बरेच जण दोन-तीन महिन्यांत दिसेनासे होतात. का सोडलं म्हणून विचारावं, तर उत्तर ठरलेलं असतं: एवढं चाललो, पण वजन काही हललं नाही.

सगळी गोची या उत्तरात आहे. व्यायाम आपल्याला वजन उतरवण्याचा उपाय म्हणून सांगितला गेला, आणि नेमक्या त्याच कामात तो बेताचा आहे. ज्या कामांत तो अव्वल आहे, ती वजनकाट्यावर दिसत नाहीत. त्यामुळे मधल्या वयात पुन्हा व्यायामाला लागलेला माणूस भलत्याच परीक्षेत नापास होतो आणि घरी बसतो. गेल्या काही दशकांतलं संशोधन, आपल्याकडचे आहाराचे वाद आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातली कामाची घड्याळं एकत्र मांडून पाहिली, तर हा प्रश्न बराच वेगळा दिसतो.

आधी वयाचं बघू. ‘चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो’ हे वाक्य जिममधल्या ट्रेनरपासून किटी पार्टीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास आला. २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक माणसांची, अगदी आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंत, रोजची ऊर्जा किती खर्च होते ते मोजलेलं होतं. शरीराच्या आकाराचा आणि घडणीचा हिशेब जमेस धरल्यावर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास स्थिर निघाला. तो साठीनंतर हळूहळू, वर्षाला सुमारे ०.७ टक्के या गतीने उतरतो. म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी सुटलेलं पोट वयाच्या नावावर टाकता येत नाही. या वयात बदलतं ते आपलं जगणं. चालणं कमी होतं, बसणं वाढतं, झोप तुटते, हातात पैसा येतो आणि पैशामागून बाहेरचं खाणं येतं. स्नायूंची झीज मात्र खरी. तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, आणि न वापरणाऱ्याचे जास्त.

त्यात आपलं शरीर मुळातच थोडं फसवं आहे, आणि ते जगाला दाखवून देणारं काम पुण्यातच झालं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून सुरू असलेल्या त्यांच्या माता-पोषण अभ्यासात या गोष्टीचं मूळ सापडलं. तिथली नवजात बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळं लहान आणि स्नायूंनी बारीक, पण चरबी त्या मानाने राखून असलेली. हातापायांनी काटक आणि पोटाने गोल असा जो मध्यमवयीन मराठी माणूस आपण रोज बसमध्ये बघतो, त्याची गोष्ट जन्माच्याही आधी सुरू झालेली असते.

म्हणून आपल्यासाठी मापं वेगळी आहेत. भारतीय तज्ज्ञ बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा मानतात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही रेषा. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं सांगते. मात्र पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, कारण पँट पोटाच्या खाली सरकवता येते. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर मोजायचं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशातल्या प्रौढांत पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के, मधुमेह ११.४ टक्के आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १५.३ टक्के निघाले. उच्च रक्तदाब ३५.५ टक्के.

आता मुख्य प्रश्न: व्यायामाने वजन का उतरत नाही? हिशेब सरळ आहे. पंच्याहत्तर किलोंचा माणूस अर्धा तास झपझप चालला तर सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात. परतताना चौकातल्या गाडीवर एक वडापाव खाल्ला की त्याच्या दुप्पट आत येतात. दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे साखरेच्याच दोनशे कॅलरी. अर्ध्या तासाचं चालणं त्यातच बुडालं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, त्यामुळे नुसत्या चालण्यावर एक किलो उतरायला दोन महिने लागले तर नवल नाही. शिवाय व्यायामानंतर भूक लागते, आणि ‘आज चाललोय’ या समाधानात माणूस उरलेला दिवस बसून काढतो.

आणि तरीही चालण्याचा फायदा होतो, याचा उत्तम पुरावा भारतातलाच आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वय ४६. एका गटाला नेहमीचा सल्ला, दुसऱ्याला रोज अर्धा तास झपझप चालणं आणि खाण्यात साखर-मैदा-तेल कमी, तिसऱ्याला मेटफॉर्मिनची गोळी, चौथ्याला दोन्ही. तीन वर्षांत पहिल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला; चालणाऱ्यांत ३९.३ टक्के. गोळीचा गट ४०.५ वर, म्हणजे चालण्याच्या बरोबरीतच, आणि दोन्ही करणाऱ्यांना वेगळा काही जास्तीचा लाभ नाही. यातली खरी बातमी अशी की चालणाऱ्यांचं वजन फारसं बदललं नव्हतं. काटा जागच्या जागी आणि मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी खाली. ज्यांनी दुसऱ्या महिन्यात चालणं सोडलं, ते नेमकं हे मिळत असताना सोडून गेले.

पण या लेखाच्या प्रश्नाला सगळ्यांत जवळचा प्रयोग टेक्ससमधल्या डॅलसचा. १९६६ मध्ये तिथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यात झोपवून ठेवलं आणि मग त्यांच्याकडून दोन महिने कसून व्यायाम करून घेतला. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, पुन्हा बोलावलं. आता ते पन्नाशीत होते. सरासरी वजन ७७ किलोंवरून १०० किलोंवर गेलेलं, चरबीचं प्रमाण १४ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर. कोणाच्याही आयुष्यात होतं तसं सगळं झालेलं. तरीही पहिली चकित करणारी गोष्ट अशी निघाली की त्यांच्या दमसासाची जेवढी हानी विशीतल्या तीन आठवड्यांच्या बिछान्याने केली होती, तेवढी तीस वर्षांच्या म्हातारपणाने केली नव्हती. मग त्यांना सहा महिने व्यायामाला लावलं. सुरुवात अगदी हळू, वाढवत वाढवत आठवड्याला साडेचार तासांपर्यंत: चालणं, धावणं, सायकल. सहा महिन्यांनी वयामुळे गेलेला दमसास शंभर टक्के परत आला. विशीच्या सुरुवातीला होता तिथे. वजन उतरलं जेमतेम साडेचार किलो.

नमुना पाचच माणसांचा, हे खरं. पण त्याच डॅलसमधल्या संशोधकांनी ४५ ते ६४ वयाच्या, बसून काम करणाऱ्या लोकांवरचा दोन वर्षांचा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. आठवड्यात चार-पाच दिवस व्यायाम करणाऱ्यांचा दमसास १८ टक्क्यांनी वाढला आणि वयाने ताठर होत चाललेलं हृदय पुन्हा लवचिक झालं. चाळिशी-पन्नाशीत सुरुवात करणं ‘आता काय उपयोग’ या सदरात बसत नाही. शरीर थांबलेलं काम पुन्हा हाती घ्यायला तयार असतं. घाई मात्र त्याला चालत नाही.

आपल्याकडे याचं एक राजेशाही उदाहरण आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी हे तरुणपणी युजीन सँडो या युरोपातल्या मल्लाचे भक्त. १८९७ मध्ये त्यांनी सँडोची उपकरणं आणि पुस्तकं मागवली आणि पुढची दहा वर्षं त्यावर मेहनत केली. चाळिशीच्या तोंडावर मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि पुढे आयुष्यभर त्यांचा नेम सुटला नाही. संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तक लिहिलं. १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी ते इंग्रजी वाचकांपुढे नेलं. सक्तीचं काय ते इतिहासकार ठरवतील. मला यात आवडतो तो चाळिशीतला बदल. उपकरणं गेली, सतरंजीएवढी जागा उरली. टू बीएचकेमध्ये राहणाऱ्याला हे गणित लगेच समजावं. एका नमस्कारात हात, खांदे, पोट, मांड्या सगळं येतं. पंधरा-वीस नमस्कार सलग घातले की दमही लागतो. गुडघे किंवा मनगटं दुखत असतील तर पलंगाच्या कडेवर हात टेकून घालता येतात. त्यात लाज काही नाही.

तालमीची परंपरा भोसरीपासून मुळशीपर्यंत या सगळ्या गावांत होती. रहाटणी, पिंपळे सौदागर, थेरगाव ही पवनेच्या काठची शेतीची गावं. इथल्या जुन्या पिढीला जोर-बैठका कोणी शिकवाव्या लागल्या नाहीत. शेतात टॉवर उभे राहिले आणि तालमीच्या जागी काचेची जिम आली. तालमीत वस्ताद वजन विचारत नसे, किती बैठका मारल्यास ते विचारत असे. जिमच्या भिंतीवर मात्र ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो असतात. व्यायामाचं माप बदललं ते इथे, आणि माझ्या मते ते वाईटाकडे बदललं.

मापाचंच निघालं म्हणून दहा हजार पावलांबद्दल. हा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये यामासा या जपानी कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. २०१९ मध्ये आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षांच्या अमेरिकन बायकांची पावलं खरोखर मोजली. दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी होतं, आणि ७,५०० नंतर जास्तीचा फायदा दिसेना. घड्याळावर ९,८०० दाखवतंय म्हणून रात्री अकराला बेडरूममध्ये चकरा मारणाऱ्यांनी झोपून जावं. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं सांगणं आठवड्याच्या भाषेत आहे: १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम, किंवा त्याच्या निम्मा वेळ जोराचा, आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम. आठवड्याचं माप असल्यामुळेच ते शिफ्टमधल्या माणसाला जमण्यासारखं आहे.

खाण्याबद्दल महाराष्ट्राने गेल्या दहा वर्षांत जेवढं भांडण केलं तेवढं क्वचितच कोणी केलं असेल. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून सुचलेली त्यांची पद्धत अशी: दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायचं, मध्ये काही नाही, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर: दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, आजीच्या स्वयंपाकघरातलं, तूप-भात-केळं न घाबरता. व्हॉट्सॲपवर दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते निवडणुकीसारखे भिडले. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांतलं साम्य जास्त डोळ्यांत भरतं. दोघांच्याही ताटात बिस्किटाचा पुडा, फरसाण, कोल्ड्रिंक आणि पॅकेटमधलं खाणं नाही. एकाने ते वेळ बंद करून घालवलं, दुसरीने पोट आधीच घरच्या अन्नाने भरून.

खाण्याच्या वेळेने चमत्कार होतो का, हे चीनमध्ये तपासलं गेलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या प्रयोगात दोन्ही गटांनी खाणं सारखंच कमी केलं. एकाने ते सकाळी आठ ते दुपारी चार यांतच उरकलं. त्या गटाचं वजन ८ किलोंनी उतरलं, दुसऱ्याचं ६.३ किलोंनी. फरक नाव घेण्याजोगा ठरला नाही. म्हणजे ज्याला दोनदा जेवणं सोसतं त्याने दोनदा जेवावं, ज्याला भुकेने डोकं दुखतं त्याने चारदा; मात्र मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता लंघन करू नये, साखर एकदम खाली जाते.

खरं दुखणं वेळेपेक्षा ताटात आहे. इंडियाबच्याच २०२५ मधल्या आहार-पाहणीनुसार भारतीयांच्या ऊर्जेतला ६२ टक्के वाटा पिठूळ आणि गोड पदार्थांतून येतो, प्रथिनांचा १२ टक्के. आपल्या नाश्त्याकडे बघा: पोहे, उपमा, साबुदाणा खिचडी, इडली, पाव. सगळं चविष्ट, सगळं पिष्टमय. आयसीएमआरच्या हिशेबाने सत्तर किलोंच्या माणसाला दिवसाला सुमारे ५८ ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम, तेही वरण घट्ट असेल तर. पोह्यांवर मूठभर मोड आलेली मटकी किंवा शेजारी दोन उकडलेली अंडी, भाकरीसोबत पिठलं किंवा उसळ, रात्री भात अर्धा करून ताक-दही, असे बदल कुठल्याही डाएटच्या नावाशिवाय होतात. स्नायू टिकवायचे असतील तर हे हवंच. नाहीतर खाणं कमी करून उतरलेल्या किलोंत चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि वजन परत येतं तेव्हा चरबीच होऊन येतं.

आता घड्याळ. रहाटणीहून चाकणच्या एमआयडीसीत जाणाऱ्याचा दिवस कामाच्या तासांनी मोजता येत नाही. नाशिक फाटा, मोशी, तळेगाव चौक यांतून बस सरकते तेव्हा जाण्यायेण्यात दोन-अडीच तास सहज जातात. हिंजवडीला जाणाऱ्यांचं अंतर कमी, पण खोळंबा तोच. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याला, कामगारांच्या संमतीच्या अटीवर, मान्यता दिली. बारा तास आणि वर प्रवास, यात व्यायाम कुठे बसवायचा हा प्रश्न मनोनिग्रहाचा नाही, साध्या वजाबाकीचा आहे.

लाइनवर आठ तास उभं राहणारा म्हणतो, माझा व्यायाम कामातच होतो. पाय दुखतात, हे खरं. पण हृदयाची गती वाढवणारं काम त्यात फार नसतं. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवर जो प्रसिद्ध अभ्यास केला, त्यात दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. फरक जिन्याचा होता. उभं तर बसस्टॉपवरचा माणूसही राहतो. गंमत म्हणजे मॉरिस यांनी पुढे गणवेशांची मापंही तपासली आणि ड्रायव्हरांच्या पँटींचा घेर मोठा निघाला.

झोपेकडे मात्र आपण सगळ्यांत कमी बघतो. शिकागोतल्या २०१० च्या एका छोट्या प्रयोगात कमी खाणाऱ्या दहा जणांना एका खेपेला रात्री साडेआठ तास आणि दुसऱ्या खेपेला साडेपाच तास झोपू दिलं. दोन्ही वेळा वजन सारखंच उतरलं, पण कमी झोपेत उतरलेल्या वजनात चरबीचा वाटा ५५ टक्क्यांनी घटला. बाकीचं स्नायूंतून गेलं. थर्ड शिफ्ट करून आलेल्याने सकाळी साडेसातला ‘शिस्त म्हणून’ पळायला जाणं यात शौर्य आहे, शहाणपण नाही. त्याने पडदे ओढून झोपावं आणि संध्याकाळी निघण्याआधी वीस मिनिटं काढावीत. शिफ्ट बदलणाऱ्याने तीन वेळापत्रकं मनात ठेवावीत: फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळचं चालणं, सेकंडमध्ये सकाळचं, थर्डमध्ये फक्त ताकदीचे दोन दिवस. आणि रविवारी निगडीची दुर्गादेवी टेकडी किंवा शेलारवाडीजवळचा घोरावडेश्वर. तेवढ्या चढात आठवड्याचा जोराचा व्यायाम होऊन जातो.

बायकांचा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्यावर बोललं कमी जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत पोटाचा लठ्ठपणा बायकांत ४० टक्के आणि पुरुषांत १२ टक्के निघाला. पुरुषांसाठी ९४ सेंटिमीटरची सैल रेषा धरली होती हे जमेस धरलं, तरी दरी मोठीच राहते. २०२४ मधल्या एका जागतिक आढाव्यात तर ५७ टक्के भारतीय बायका आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी हालचाल करत नसल्याचं दिसलं. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी थांबते. त्याच्या आसपास चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते, झोप तुटते, हाडं विरळ होऊ लागतात. याच वर्षांत मुलांची दहावी-बारावी आणि सासू-सासऱ्यांची दुखणी येतात. घरकाम हाच व्यायाम, असं सांगणाऱ्याने एकदा आठवडाभर ते करून बघावं: थकवा भरपूर, पण सलग दहा मिनिटं दम लागेल असं त्यात थोडंच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये झुंबा किंवा योगाचा वर्ग चालतो तिथे बायका टिकतात, कारण तिथे मैत्रिणी असतात, रस्त्यावरची नजर नसते आणि दार घरापासून दोन मिनिटांवर असतं. त्या वर्गात आठवड्यातून दोनदा डंबेल किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आल्या तर हाडांचंही भलं होईल. वजन उचलल्याने बायका पुरुषी दिसू लागतात, ही भीती निराधार आहे.

भीतीवरून आठवलं. २९ ऑक्टोबर २०२१ ला कन्नड अभिनेता पुनीत राजकुमार व्यायामानंतर छातीत दुखू लागून ४६ व्या वर्षी गेला, आणि कितीतरी घरांत जिम बंद झाली. अशा मृत्यूची बातमी होते, बसून राहिल्याने झालेल्याची होत नाही. तरी भीतीत तथ्याचा अंश आहे: एरवी न हलणाऱ्या माणसाने अचानक जोर लावला तर त्या तासाभरात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका खूप वाढतो. १९९३ च्या एका अमेरिकी अभ्यासात असा धोका आठवड्यातून एकदाही व्यायाम न करणाऱ्यांत शंभरपटीच्या घरात, तर पाच किंवा अधिक वेळा करणाऱ्यांत अडीचपटीहून कमी होता. यातून निघतो तो सल्ला हळू सुरू करण्याचा आहे. कॉर्पोरेट क्रिकेट स्पर्धेत वर्षातून एकदा जीव तोडून धावणाऱ्या पंचेचाळिशीच्या बॅट्समनची काळजी मला रोज चालणाऱ्यापेक्षा जास्त वाटते. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा घरात लवकर हृदयविकार असेल, तर जोराचं काही करण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. चालताना छातीत जड वाटणं, जबडा किंवा डाव्या हातात कळ, वेगळाच दम, हे ‘गॅस’ म्हणून सोडा पिऊन मिटवायचं प्रकरण नाही.

गुडघ्यांची तक्रार याच वयात सुरू होते आणि ‘चालू नका’ असा सल्ला शेजारी देतात. उलट मांडीचे स्नायू मजबूत झाले की गुडघ्याला आधार मिळतो: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा-दहाच्या दोन खेपा. आणि वजनाचा काटा जिथे खरोखर मोलाचा ठरतो ती जागा ही. एका अभ्यासानुसार एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो.

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांचं बोलल्याशिवाय आजचा आढावा पुरा होत नाही. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोवी जूनमध्ये भारतात आली. ही खरीखुरी प्रभावी औषधं आहेत: चाचण्यांत वेगोवीतल्या सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं, मौंजारोतल्या टिर्झेपेटाइडने ७२ आठवड्यांत मात्रेनुसार १५ ते २१ टक्के. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यामुळे हा विषय श्रीमंतांपुरता राहणार नाही. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. या औषधांनी भूक मरते, दमसास वाढत नाही. खाणं घटल्यावर स्नायू राखायला प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम आणखी जास्त लागतो. ज्यांचा लठ्ठपणा मोठा आहे, साखर आवरत नाही, त्यांनी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावीत, त्यात कसला कमीपणा नाही. लग्नाच्या हंगामासाठी पाच किलो उतरवायला मेडिकलमधून आणणं हा निव्वळ वेडेपणा.

इतकं सगळं माणसाच्या अंगावर टाकून मोकळं होणं मात्र मला पटत नाही. या पट्ट्यातला मध्यमवयीन माणूस दिवसातलं एक जेवण आणि दोन चहा-नाश्ते कंपनीच्या कँटीनमध्ये करतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे कँटीन बंधनकारक केलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ही मर्यादा कंत्राटी कामगार धरून शंभरावर आली आहे. त्याच संहितेने चाळिशीवरच्या कामगाराला वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीचा हक्क दिला. त्या तपासणीच्या कागदावर साखर आणि रक्तदाबाशेजारी कंबरेचा घेर लिहायला एक टेप आणि अर्धं मिनिट लागतं. आणि जुन्या कायद्यातच कँटीनच्या व्यवस्थापन समितीवर कामगारांचे प्रतिनिधी घेण्याची तरतूद होती. त्या समितीत ताटाच्या दरावरून, पोळी कच्ची राहते म्हणून, रविवारच्या गोडावरून भांडणं होतात. बिनसाखरेच्या चहाचा वेगळा थर्मास, वडा-समोशाच्या दिवशी उसळीचा किंवा अंड्याचा पर्याय, आणि वरणाचा घट्टपणा हे तीन विषय पुढच्या बैठकीच्या यादीत घालायला युनियनच्या प्रतिनिधीला कोणाची परवानगी लागत नाही.